मेणाचा साचा आणि कपाळाची कातडी

रोहिणखेडचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते लढायांमुळे. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले हे आमचे गाव घाटाच्या पायथ्याशी, खानदेश आणि वऱ्हाड यांना जोडणाऱ्या जुन्या वाटेवर वसलेले आहे. १४३७ साली बहामनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नासीरखान फारुकीचा पराभव केला तो इथे. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या निजामशाही गादीसाठी बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान यांची गाठ पडली तीही इथेच. खुदावंतखानाने १५८२ मध्ये बांधलेली दगडी मशीद गावात आहे. गावाबद्दल कुणी विचारले की आम्ही मंडळी हेच सांगतो आणि ऐकणाराही समाधानाने मान डोलावतो.

माझ्या मनात मात्र गावाचा म्हणून जो प्रसंग घर करून राहिला आहे, त्यात ना सरदार आहे ना सुलतान. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर तेव्हा मोट होती. एका उन्हाळ्यात मोटेची सोंड फाटली आणि ती दुरुस्त करायला चामड्याचे काम करणारे एक म्हातारे गृहस्थ आले. सगळे गाव त्यांना आबा म्हणे. आबांनी फाटलेल्या जागेवर जुन्या धोतराचे फडके पसरले, त्यावर कोळशाने भोकाची कड उमटवून घेतली आणि ते फडके भिजवलेल्या चामड्यावर ठेवून रेघ काढली. पण कापताना त्यांनी त्या रेघेच्या बाहेर सगळीकडून बोटभर जागा सोडली. मी सहा-सात वर्षांचा असेन. एवढी मेहनत करून रेघ काढायची आणि रेघेवर कापायचे नाही, हे मला पटेना. तसे मी म्हणालोही. आबा हसले. "मापानं कापलं त मापात राहत नाही रे बाप्पा," ते म्हणाले, "चामडं हाय ते. लोखंड नाही."

पुढे मी अभियांत्रिकी शिकलो आणि तीस वर्षे मुलांना लोखंडच शिकवले. 'पदार्थांची बलविद्या' हा माझा विषय. त्याची सुरुवात रॉबर्ट हुकने १६७८ मध्ये छापलेल्या नियमाने होते: जेवढा ताण, तेवढी वाढ. तारेला एक वजन लावले की ती जितकी लांबते, त्याच्या दुप्पट दोन वजनांनी लांबते. वजन काढले की पूर्ववत होते. पूल, यारी, रेल्वेचे डबे ही सगळी दुनिया या साध्या प्रमाणावर उभी आहे. आबांचे चामडे या नियमात कुठे बसते, हे मला कुणी शिकवले नाही आणि मीही कुणाला शिकवले नाही. निवृत्तीनंतर हा प्रश्न घेऊन वाचायला बसलो, तेव्हा त्याने मला नेऊन सोडले ते पुण्यात, १७९३ सालात.

*

इंग्रज, मराठे आणि निजाम यांनी मिळून टिपू सुलतानाविरुद्ध लढलेले युद्ध १७९२ च्या मार्चमध्ये श्रीरंगपट्टणच्या तहाने संपले. सैन्य पोटावर चालते आणि त्या काळी ते पोट बैलांच्या पाठीवर असे. शत्रूच्या बैलवाल्यांना धरले की त्याची तोफही अडते आणि भाकरीही. इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेला असाच एक बैलवाला टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे आले आहे. नाव पारशी वळणाचे वाटते, पण तो मराठा, शेतकरी जातीचा होता असे तिथेच स्पष्ट म्हटले आहे.

मराठीत नाक कापले जाणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. हात गेला तर माणसाची रोजी जाते. नाक गेले तर शिक्षा त्याच्या चेहऱ्यावर कायमची लिहिली जाते. कावसजी वर्षभराहून अधिक काळ तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका मराठी वैद्याने त्याला नवे नाक बसवले. हा वैद्य जातीने कुंभार, वीटकाम करणाऱ्यांपैकी होता.

ही हकीकत 'जेंटलमन्स मॅगझिन' या लंडनच्या मासिकात ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका पत्राच्या रूपाने आली. पत्राखाली सही म्हणून 'बी. एल.' एवढी दोनच अक्षरे आहेत. सोबत कावसजीचे चित्र होते. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने ते जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी रंगवले होते. म्हणजे शस्त्रक्रिया १७९३ च्या मार्चच्या आसपासची. मुंबई इलाख्याच्या नोकरीतल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती आणि त्यांनी पाहिलेली रीत पत्रात टप्प्याटप्प्याने दिली आहे.

ती थोडक्यात अशी. नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्याला चांगल्या नाकाचा आकार द्यायचा. मग तो पत्रा काढून सपाट करायचा आणि कपाळावर ठेवायचा. त्याच्या कडेने रेघ ओढायची आणि मेणाखाली जेवढी कातडी येईल तेवढी सोडवायची. मात्र दोन डोळ्यांच्या मधला एक अरुंद पट्टा न कापता तसाच ठेवायचा, म्हणजे रक्त वाहते राहते. नाकाच्या खुंटावरचा जुना व्रण खरवडून ताजा करायचा आणि त्याच्या मागे, नाकपुड्यांच्या बाजूंनी वरच्या ओठापर्यंत, एक चीर घ्यायची. कपाळाची कातडी अर्धा वळसा देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या चिरेत खोवायची. टाके नाहीत. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवायच्या. चार दिवस एवढाच बंदोबस्त. नंतर तुपात भिजवलेली कापडे. रोग्याने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधला पट्टा कापून नाक नीट करायचे.

पत्रात पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे आहेत: टॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले. फिंडलेचे आडनाव छापताना चुकले होते. पुढच्या अभ्यासकांनी ते दुरुस्त केले. शस्त्रक्रिया करणाऱ्या कुंभाराचे नाव मात्र छापलेलेच नाही, त्यामुळे ते दुरुस्त करण्याचाही प्रश्न उरला नाही.

*

वैद्यकाच्या इतिहासात हे पत्र प्रसिद्ध आहे. प्लास्टिक सर्जरीच्या बहुतेक ग्रंथांत त्याचा उल्लेख असतो आणि आपल्याकडे ते अभिमानाने सांगितले जाते. माझा अभ्यास बलविद्येचा, त्यामुळे मी ते वेगळ्या प्रश्नाने वाचले. नरम, जिवंत, ताणले जाणारे, आकसणारे द्रव्य हाताळताना या माणसाने त्याच्या वागण्याचा काय अंदाज बांधला होता? आजच्या भाषेत विचारायचे, तर मृदू ऊतींचे त्याचे प्रारूप काय होते?

पहिली गोष्ट मेणाची. नाक हा उंचवटा आहे आणि कपाळ जवळजवळ सपाट. उंचवट्याचा आकार सपाटीवर उतरवणे हे नकाशे काढणाऱ्यांचे जुने दुखणे. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की कुठेतरी ताणावी लागते, कुठेतरी दाबावी लागते. याला सुटका नाही हे गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये सिद्ध केले. सुश्रुतसंहितेत नाक जोडताना झाडाचे पान मापाला घ्यायला सांगितले आहे आणि त्या मापाची कातडी गालावरून घ्यायला सांगितली आहे. पण पान मुळातच सपाट असते. ते वाकवता येते, पण नाकाच्या शेंड्यासारखा घुमट त्याला देता येत नाही. मेण तसे नाही. ऊब लागली की ते ताणले जाते, दाबले जाते, घुमटाचे सपाट आणि सपाटाचे घुमट होऊ शकते. सुश्रुताचे पान आणि पुण्याचे मेण यांच्यामध्ये कुणीतरी, केव्हातरी हा फरक ओळखला होता. मेण हे कातडीच्या पानापेक्षा अधिक जवळचे प्रारूप आहे, कारण तेही कातडीसारखे ताणले जाते.

दुसरी गोष्ट ताणाची. अंगावरची कातडी सैल पांघरुणासारखी वाटली तरी ती ढोलावरच्या चामड्यासारखी सतत ताणलेली असते. म्हणूनच सुरीने साधी चीर दिली तरी जखमेच्या कडा दूर सरकतात. पूर्ण जाडीचा तुकडा सुटा काढला, तर त्याचे क्षेत्रफळ साधारण ४० टक्क्यांनी घटते, असे आजची शल्यचिकित्सेची पुस्तके सांगतात. पट्ट्याने जोडलेली कातडी एवढी आकसत नाही, पण आकसतेच. आबांचे चामडे मेलेले होते, ते पाणी सुकले की आखडायचे. जिवंत कातडीचे कारण निराळे, अंगात मुरलेला ताण सुटण्याचे. अनुभव मात्र एकच: मापाने कापले तर मापात राहत नाही.

आकसलेली कातडी ओढून टाक्यांनी बसवता येते. पण पुण्याच्या शस्त्रक्रियेत टाके नव्हते. चिरेत खोवलेली कड आणि काताच्या पट्ट्या यांच्यावर सगळी भिस्त. कात फार ओढ सहन करणार नाही. म्हणजे नवे नाक जागेवर बसताना त्यावर ओढ जवळजवळ नसलीच पाहिजे. रोग्याला उताणे निजवून ठेवण्याचा उपयोग तोच. आणि ओढ नको, तर कातडी पुरेशी हवी. पत्र लिहिणारा एवढेच लिहितो की मेणाखाली येईल तेवढी कातडी घ्यायची. कुंभाराने मेण चढवतानाच नाक जरा मोठे केले का, की आबांसारखी रेघेबाहेर जागा सोडली, यावर पत्रात अक्षर नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्याला साचा दिसला. साच्याबाहेरची जागा ही करणाऱ्याच्या बोटांत होती.

तिसरी गोष्ट डोळ्यांमधल्या पट्ट्याची. भुवईच्या आतल्या टोकापासून कपाळावर जाणारी धमनी त्याच भागात असते, हे आज शरीररचनेच्या पुस्तकात मिळते. त्या पट्ट्याला अर्धा वळसा पडतो. वळसा आणि ओढ एकत्र आले की रक्तवाहिनी पिळली जाते आणि कातडी काळी पडते. इथे बलविद्या आणि जीव एकाच धाग्यावर असतात: ताण थोडा जास्त झाला, की पदार्थ तुटण्याच्या आधीच मरतो. लोखंडाला हा धोका नाही.

चौथी गोष्ट दहाव्या दिवसाच्या बोळ्यांची, आणि मला ती सगळ्यांत बोलकी वाटते. कापल्याबरोबर होणारे आकसणे वेगळे आणि जखम भरताना दिवसेंदिवस होणारे आकसणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात व्रणातल्या पेशीच भोवतालचे द्रव्य ओढून घेत असतात. त्या पेशींचे स्वरूप गॅबियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये उलगडले. पुण्याच्या कुंभाराला पेशी माहीत असण्याचा प्रश्न नव्हता. पण नवी नाकपुडी पहिल्या दिवशी उघडी असली तरी पुढे मिटत जाते, आणि ती कधीपासून अडवायला हवी, हे त्याला माहीत होते. पहिल्या दिवशी बोळा घातला असता तर कोवळा जोड उसवला असता. महिन्याने घातला असता तर उशीर झाला असता. दहावा दिवस हा आकडा पुष्कळ नाकांतून आलेला असणार.

यापुढचा अंदाज माझा आहे, तो अंदाज म्हणूनच वाचावा. विटेचा साचा विटेपेक्षा मोठा असतो, कारण ओली माती वाळताना आणि भाजताना आकसते. मडके चाकावरून उतरते तेव्हा असते त्याहून आव्यातून निघते तेव्हा लहान झालेले असते. कुंभाराच्या घरात वाढलेल्या मुलाला हे कुणी शिकवावे लागत नाही. आज हातात आहे तो आकार आणि उद्या उरणार आहे तो आकार, या दोन्हींचा हिशेब त्याची बोटे एकदमच करतात. हे काम वीटकाम करणाऱ्या घराण्यात टिकून राहिले, याचे कारण शोधायचे तर मी तिथे शोधेन.

*

लंडनमध्ये ते पत्र जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने वाचले. त्याने प्रेतांवर सराव केला, हिंदुस्थानातून आलेल्या लोकांकडे चौकशा केल्या, आणि पत्र छापल्यानंतर वीस वर्षांनी, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी, पहिली शस्त्रक्रिया केली. दोन रोग्यांची हकीकत त्याने १८१६ मध्ये पुस्तकरूपाने छापली. १८१८ मध्ये बर्लिनच्या ग्रेफेने या विषयावर ग्रंथ लिहिला आणि कपाळाच्या कातडीचे नाक युरोपभर 'हिंदी पद्धत' म्हणून ओळखले जाऊ लागले.

साचा गेला, बोटे गेली नाहीत. पुढची कित्येक दशके शल्यग्रंथांत नवे नाक आखडते अशा तक्रारी आहेत आणि कातडी साच्याहून मोठी घ्यावी असे सल्ले आहेत. किती मोठी, यावर मात्र एकमत नाही. इकडे हिंदुस्थानातही काम चालूच होते. जुनागढचे त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९ मध्ये शंभर रोग्यांचा वृत्तांत छापला. इंदूरचे रेसिडेन्सी सर्जन कीगन यांनी नव्या नाकाला आतूनही कातडीचे अस्तर देण्यावर भर दिला, म्हणजे आतली उघडी बाजू व्रण धरून नाकाला आत ओढणार नाही. कीगन यांचे पुस्तक १९०० चे.

याच शतकात युरोपात काही जणांना वेगळाच प्रश्न पडला होता: कातडी अशी का वागते? पॅरिसच्या द्युप्युत्राँने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या एका माणसाच्या जखमा पाहिल्या. हत्यार आरीसारखे गोल होते, पण भोके गोल नव्हती. ती लांबट, चिरेसारखी होती. व्हिएन्नाच्या कार्ल लँगरने १८६१ मध्ये प्रेतांच्या अंगभर गोल टोच्याने भोके पाडून प्रत्येक भोक कोणत्या दिशेला लांबते याचा नकाशाच काढला. अंगावरची कातडी सगळ्या दिशांना सारखी ताणलेली नसते, हे त्यातून दिसले. आजही सर्जन चीर देताना अशा रेषांचा विचार करतात. त्याआधी, १८४७ मध्ये, वेर्थाइमने माणसाच्या ऊती ताणून मोजमापे घेतली होती आणि त्या हुकचा नियम पाळत नाहीत हे नोंदवले होते. आबांचे वाक्य प्रयोगशाळेत पहिल्यांदा उमटले ते तेव्हा.

*

नियम पाळत नाहीत, हे कळले. मग त्या कोणता नियम पाळतात? याचे पहिले नेटके उत्तर यायला आणखी १२० वर्षे गेली. युआन-चेंग फुंग हे विमानविद्येतले नामवंत अभियंते. १९६६ मध्ये ते सॅन डिएगोच्या विद्यापीठात आले, विमाने बाजूला ठेवली आणि सशाच्या आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा ताणायला घेतला. १९६७ मध्ये त्यांनी मांडलेले निरीक्षण शब्दांत सांगता येण्याइतके सोपे आहे. ऊतीत ताण जितका जास्त, तितकी ती आणखी ताणायला कठीण. ताण आणि ताठरपणा एकमेकांच्या प्रमाणात वाढतात. गणितात याचा अर्थ असा की ताण चक्रवाढ व्याजासारखा वाढत जातो: सुरुवातीला नाममात्र, आणि मग एकदम अंगावर येणारा.

वाचकांनी हातोहात करून पाहावे. डाव्या हाताच्या मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरून उचला. आधी ती विनातक्रार येते. मग एका जागी थांबते आणि पुढे केसभरही सरकायला तयार होत नाही. लोखंडाची तार अशी वागत नाही.

कारण कातडीच्या विणीत आहे. तिच्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात आणि सैल कातडीत ते नागमोडी पडलेले असतात. ग्लासगोचे प्लास्टिक सर्जन टॉमस गिब्सन आणि अभियंते केनेडी यांनी १९६० च्या दशकात कातडी ताणत असताना हे धागे सरळ होत जाताना पाहिले. मला यासाठी गोठ्यातला दाखला जवळचा वाटतो. खुंट्याला बांधलेली गाय दाव्याच्या टप्प्यात मोकळी हिंडते. दावे संपले की मानेला हिसका बसतो. कातडीत अशी लाखो दावी असतात, प्रत्येकाची लांबी वेगळी. ताणत गेले की एकेक दावे संपत जाते आणि ओढ धरणाऱ्यांची संख्या वाढत जाते. या धाग्याचा रेणू तीन पदरांनी वळलेल्या दोरासारखा असतो, हे रामचंद्रन आणि कार्था यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यात मद्रास विद्यापीठात दाखवले. चामडे संशोधनाची राष्ट्रीय संस्था तिथून हाकेच्या अंतरावर आहे, हा योगायोग मला आवडतो.

फुंग आणि लानिर यांनी १९७४ मध्ये सशाच्या कातडीचे चौकोनी तुकडे चारही कडांना दोरे बांधून एकाच वेळी दोन दिशांना ताणले. अंगाच्या लांबीच्या दिशेला कातडी एक वागते, आडवी दुसरे. शिवाय एक गंमत त्यांच्या क्षेत्रातल्या सगळ्यांनाच ठाऊक होती: पहिल्या काही ओढींना ऊती दर वेळी वेगळे उत्तर देते. ताणा, सोडा, पुन्हा ताणा; काही फेऱ्यांनंतर उत्तर स्थिर होते. प्रयोगशाळेत पहिल्या फेऱ्यांची मापे बाजूला ठेवतात. मराठीत याला नेमका शब्द आहे, अंगवळणी पाडणे. आबाही चामडे वापरण्याआधी भिजवून, मळून, ओढून घेत.

पुढची प्रारूपे अधिक तपशिलाची झाली. २००० मध्ये होल्झाप्फेल, गासर आणि ऑग्डेन यांनी धमनीच्या भिंतीसाठी मांडलेल्या प्रारूपात मऊ द्रव्य आणि त्यातून तिरकस गुंडाळत जाणारे धाग्यांचे दोन संच यांचा वेगवेगळा हिशेब आहे. अशी समीकरणे आज संगणकात घालून कातडीचा तुकडा वळवला तर ताण कुठे साचेल याची चित्रे काढता येतात. आमच्या काळी अभियांत्रिकीत ज्याचे नावही नव्हते, तो विषय आज मुंबईच्या आयआयटीसह अनेक ठिकाणी शिकवला जातो.

तरीही एक अडचण उरतेच. समीकरणात जे आकडे घालायचे, ते कुणाच्या कातडीचे? सशाची वेगळी, म्हाताऱ्याची वेगळी, उन्हात राबलेल्या कपाळाची वेगळी. टेबलावरच्या रोग्याच्या कपाळातून नमुना कापून यंत्रावर ताणता येत नाही. म्हणून सर्जन आजही ती चिमटीत धरून पाहतो. कपाळाच्या कातडीचे नाक करताना टाक्यांच्या पाकिटातला चंदेरी कागद नाकावर दाबून साचा काढतो, तो सपाट करून कपाळावर ठेवतो आणि रेघ ओढतो. डोळ्यांजवळचा पट्टा साधारण तीन आठवड्यांनी कापतो. मेणाच्या जागी चंदेरी कागद आला आहे. पंचविसाव्या दिवसाचे तीन आठवडे झाले आहेत.

*

कावसजीच्या नाकाची गोष्ट सांगितली, की श्रोत्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, पाहा, आमच्याकडे सगळे आधीच होते. दुसरा म्हणतो, शास्त्र ते नंतर झाले, आधीचा तो नुसता हातखंडा. मला दोन्ही पटत नाहीत. दहाव्या दिवशी बोळा घालणारा माणूस पदार्थ पुढे कसा वागेल याचे भाकीत करत होता, आणि भाकीत करता येणे हीच प्रारूपाची कसोटी आहे. त्याला हातखंडा म्हणून खाली बसवता येत नाही. पण सगळे होते असेही म्हणता येत नाही, कारण जे होते ते राहिले नाही. फुंगचे समीकरण मी रोहिणखेडात बसून वाचू शकतो. पुण्याच्या कुंभाराने साच्याबाहेर किती जागा सोडली, हे मला कुठेच वाचता येत नाही.

असे का झाले, हे आपण आपल्याला विचारायला हवे. सुश्रुताची पोथी ज्यांच्या घरी होती, त्यांनी कातडीला हात लावायचा नव्हता. ज्यांच्या हाती सुरी होती, त्यांच्या हाती कधी लेखणी दिली गेली नाही. माती, चामडे, रक्त यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांचे ज्ञान बापाकडून मुलाकडे बोटांनी गेले, आणि जिथे मुलगा उरला नाही किंवा धंदा उरला नाही, तिथे ते संपले. शेवटी लिहिले ते परक्यांनी; त्यांनी प्रामाणिकपणे जे दिसले ते लिहिले. बोटांना काय कळत होते, हे विचारायला भाषा यावी लागते आणि शेजारी बसावे लागते.

हे मी कुंभाराच्या काळातल्या लोकांना उद्देशून लिहिले खरे, पण ते माझ्यावरही येते. मला आबांची भाषा येत होती. मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो होतो. पुढे दहा वर्षे ते गावात होते आणि मी सुट्टीत घरी येत होतो, हुकचा नियम पाठ करत होतो. बोटभरच का, जाड चामड्याला किती, पातळ चामड्याला किती, पाठीच्या चामड्याला आणि पोटाच्या चामड्याला वेगळे का, हे मी त्यांना कधी विचारले नाही. लोखंड नव्हे म्हणून ते माझ्या अभ्यासाचे नव्हते.

विहिरीवर आधी इंजिन आले, मग विजेचा पंप. मोट काही वर्षे गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती आणि तिच्या सोंडेवर ते ठिगळ होते. ते शेवटपर्यंत उसवले नाही.